कोऱ्या फळ्याचं ऑफिस

जळगाव, १४ जून २०२४

प्रेमराज,

नावाआधी काहीतरी लिहावं म्हणून पेन धरून बसले होते, पण आज तिथे कुठलाच शब्द बसत नाही. तू फोन उचलत नाहीस. कंपनीतलं माझं मेलचं खातं काल बंद झालं. टपाल मात्र तू स्वतः फोडतोस, हे मला माहीत आहे. तुझ्या घराच्या ओट्यावर दोन खुर्च्या टाकून आपण कंपनी सुरू केली, तुझी आई आतून कळण्याची भाकरी आणि ठेचा पाठवायची, तेव्हापासूनची ती सवय आहे. म्हणून कागदावर लिहितेय.

मी संघपालमुळे राजीनामा दिला, असं तू ऑफिसात सांगितलंस म्हणे. तसं नाही. मी तुझ्यामुळे दिला.

धुळ्याच्या हॉस्पिटलात परवा जे झालं, ते तू विसरायच्या आत लिहून ठेवते. आपण त्यांना करून दिलेल्या सॉफ्टवेअरमध्ये, एकाच रुग्णाची चुकून दोनदा नोंद झाली तर त्या दोन्ही एकत्र करायची सोय होती. दोंडाईच्याकडच्या एका गावात धुरपदाबाई सुकदेव पाटील नावाच्या दोन बायका निघाल्या. वयही जवळपास सारखं. सॉफ्टवेअरने त्यांची एकच बाई केली. एकीच्या नोंदीत पेनिसिलीनची ॲलर्जी लाल अक्षरांत लिहिलेली होती. दुसरीच्या नोंदीत ती चौकट रिकामी होती, आणि तिची नोंद नंतरची होती. नव्या रिकाम्या चौकटीने जुनी भरलेली चौकट पुसून टाकली. तापाने ग्लानीत गेलेल्या बाईला तिचा पुतण्या घेऊन आला. त्या पोराला काही ठाऊक नव्हतं. नर्सने स्क्रीनवर बघितलं, ॲलर्जी काही नाही, आणि इंजेक्शन दिलं. हृदय बंद पडलं. डॉक्टरांनी ते पुन्हा चालू केलं, पण तोवर मेंदूचं नुकसान होऊन गेलं होतं.

डॉक्टर हे सगळं आवाज न चढवता सांगत होते. त्यांनी विचारलं, असं कसं झालं? त्यावर तू बोललास ते मला शब्दन् शब्द पाठ आहे.

"सर, आमच्या पद्धतीत दोष नाही. एका मुलाचा निष्काळजीपणा आहे. त्याला आजच काढतोय."

तो मुलगा, संघपाल, तुझ्या शेजारीच उभा होता. त्याला बस म्हणावं एवढंही तुला सुचलं नाही. त्याने कुणाकडे पाहिलं नाही, मान हलवून होकार दिला आणि बाहेर जाऊन चपला घालून निघाला. परतताना तू त्याला गाडीत घेतलं नाहीस. आपण येताना तिघं होतो, जाताना दोघं. पारोळ्यापर्यंत तू पुढच्या महिन्यात मिळणाऱ्या नव्या हॉस्पिटलाबद्दल बोलत होतास. पारोळ्याला मी चहाचं निमित्त करून उतरले ती परत बसलेच नाही. मागून धुळ्याहून जळगावला जाणारी एसटी आली. संघपाल खिडकीशी बसला होता. मी त्याच्या शेजारी जाऊन बसले.

राजीनामा मी एसटीतच लिहिला.

कोकिळा


धुळे, २१ जुलै २०२४

प्रेमराज,

पहिल्या पत्राला उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं.

मी आता धुळ्यात मोठ्या बहिणीकडे राहते. परवा दोंडाईच्याला एसटीने गेले आणि तिथून रिक्षाने धुरपदाबाईंच्या गावी. कशासाठी गेले ते मलाही नीट सांगता येणार नाही. त्या बाईला आपण फक्त स्क्रीनवरच्या नावाने ओळखायचो. तिला तोंड आहे हे एकदा बघायचं होतं, असं समज.

ओसरीत खाटेवर बसवलेली होती. अंगाने धडधाकट बाई, हातात अजून काम करणाऱ्याची ताकद. मी नमस्कार केला तर तिनेही केला. काहीतरी सांगायला तोंड उघडलं, ओठ हलले, आणि नुसता एक आवाज निघाला. मग तिने स्वतःच मान फिरवली. तिला लाज वाटली, प्रेमराज. चूक आपली, आणि लाज तिला.

नवरा सुकदेवभाऊ. त्यांनी पाणी दिलं, चहा ठेवायला सुनेला सांगितलं. मी कोण ते सांगितल्यावर चहा नको म्हणतील असं वाटलं होतं, तसं काही झालं नाही. म्हणाले, "बठ्ठं समजस तिले. पन तोंडमा शब्द येस नही." सून सांगत होती, सगळं कळतं, बोलणं तेवढं गेलं; पूर्वी घरात हिचाच आवाज असायचा. लग्नाची गाणी म्हणायला आजूबाजूच्या गावांतून हिला बोलावणं यायचं.

तू तुझा एक माणूस त्यांच्याकडे पाठवला होतास. त्याने त्यांना सांगितलं की कंपनीतला एक पोरगा बेजबाबदार होता, त्याला हाकलून दिलंय. सुकदेवभाऊंनी मला खाली मान घालून विचारलं, "तो पोऱ्या दारू पेस का?"

बघ, साध्या माणसाला निष्काळजीपणाचं एवढंच कारण सुचतं. मी म्हणाले, नाही भाऊ, तो सुपारीसुद्धा खात नाही. मग काय झालं, म्हणाले. मी सांगायचा प्रयत्न केला. तो मुलगा तुमच्या हॉस्पिटलचं काम लिहीत होता, आणि तेव्हाच आणखी तीन हॉस्पिटलांचे फोन त्यालाच घ्यावे लागत होते. बिल निघत नाही, प्रिंटर चालत नाही, डॉक्टर ओरडताहेत. एक ओळ लिहायची, फोन घ्यायचा, परत ओळ लिहायची. असं दिवसभर, रोज.

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मंग त्याना हातमा फोन कोनी दिधा?"

मी तुझं नाव सांगितलं.

कोकिळा


दीपनगर, ८ सप्टेंबर २०२४

प्रेमराज,

तुझ्या वकिलाची नोटीस पोचली. मी तुझी बदनामी करते आहे आणि पत्रं थांबवावीत, असं तिच्यात आहे. पत्रं मी तुलाच लिहिते, दुसऱ्या कुणाला दाखवत नाही. माणसाची स्वतःपाशीच बदनामी कशी होते, ते वकिलाला विचारून कळव.

मी आज संघपालच्या घरी आहे. त्याचे वडील, आधारभाऊ, विजेच्या कारखान्यात कोळशाच्या पट्ट्यावर काम करून निवृत्त झाले. चिमणीची राख इथे वाळत घातलेल्या कपड्यांवरही बसते. आई, नर्मदाबाई, मला आत नेऊन हळूच म्हणाली, तुम्ही आलात ते बरं झालं, तो कुणाशी बोलत नाही, लॅपटॉप तर कपाटात ठेवून दिलाय. घरातला पहिला इंजिनिअर. वस्तीत त्याचा सत्कार झाला होता, तो फोटो अजून भिंतीवर आहे. शेजारणी विचारतात तेव्हा ती 'घरून काम चाललंय' असं सांगते.

तो आला, "जय भीम, ताई" म्हणाला आणि समोर बसला. ऑफिसात मॅडम म्हणायचा. मी कामाचा विषय काढलाच नाही. त्यानेच काढला.

"ताई, दोन नोंदी एक करायच्या म्हणजे सगळे धागे एकदम हातात धरावे लागतात. नाव असं, वय असं, हे भरलेलं, ते रिकामं. फोन वाजला की सगळे सुटतात. परत बसलो की वाटतं सगळे उचलले. पण एखादा खालीच पडलेला असतो, आणि तो पडलाय हेच कळत नाही."

मी विचारलं, तुला एकदाही शंका आली नव्हती? आली होती, म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासताना आली होती. नवी चौकट रिकामी असली तर? ऑफिसात येऊन सांगणार होता. दारातून आत आला आणि समोर फळा होता. त्या आठवड्यात त्याचं नाव आधीच लिहिलेलं होतं. तो जागेवर जाऊन बसला. फोन वाजला. मग शंका कुठे गेली, त्यालाही आठवत नाही.

तुझा तो काचेचा फळा. ज्याच्या कामात चूक सापडेल त्याचं नाव लाल पेनाने त्याच्यावर, दारातून येणाऱ्या प्रत्येकाला दिसेल असं. शनिवारी ज्याच्या चुका जास्त, त्याने फळ्याशी उभं राहायचं आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. सुरुवातीला सगळे हसले, उभा राहणाराही हसला. शरम वाटली की माणूस सावध होतो, असं तू म्हणायचास. झाले ना सगळे सावध. तुझ्यापासून सावध झाले.

काय काय झालं ते तुला कधीच दिसलं नाही, कारण तू केबिनच्या काचेतून फक्त फळा बघायचास. तपासणी माझ्याकडे होती, म्हणून आधी मुलं माझ्याकडे येऊन म्हणायला लागली, मॅडम, लिहू नका, कानात सांगा, मी लगेच दुरुस्त करतो. मग तपासणाऱ्या मुली आणि कोड लिहिणारी मुलं यांच्यात भांडणं सुरू झाली. तू माझं नाव लावलंस, आता मी तुझं लावतो. मग एकमेकांचं बघणंच बंद झालं. कुणी कुणाला काही विचारेना, कारण विचारणं म्हणजे येत नाही हे कबूल करणं. ऑफिस इतकं शांत झालं की पाहुण्यांना वाटायचं, काय शिस्त आहे! फळा कोरा राहायला लागला. तू त्या कोऱ्या फळ्याचा फोटो काढून गिऱ्हाइकांना पाठवलास.

मी तुला दोन गोष्टी मागितल्या होत्या. जो लिहितोय त्याच्याकडे फोन नको. आणि एकाने लिहिलेलं दुसऱ्याने वाचल्याशिवाय बाहेर जाऊ नये. तू म्हणालास, दोघांचं काम एकाने केलं तरच जळगावची कंपनी पुण्याच्या कंपनीपुढे टिकते. तपासायला वेळ मागितला तेव्हा म्हणालास, हॉस्पिटलवाले वापरतीलच, तेव्हा आपोआप तपासून होईल.

तसंच झालं. धुरपदाबाईंवर तपासून झालं.

निघताना नर्मदाबाईंनी मला दारापाशी थांबवून विचारलं, त्याची चूक होती का हो? मी म्हणाले, हात त्याचा होता. त्यांना ते पुरलं नाही. मलाही पुरलं नाही.

कोकिळा


धुळे, १९ डिसेंबर २०२४

प्रेमराज,

मला इथे देवपुरातल्या एका हॉस्पिटलात नोकरी लागली, हे तुझ्यापर्यंत पोचलं असेलच. इथल्या संगणकांची जबाबदारी माझ्याकडे आहे. आणि योगायोग बघ, इथल्या मोठ्या डॉक्टरांनी माझ्यासमोर जे सॉफ्टवेअर तपासायला ठेवलं ते तुझं निघालं. नवीन आवृत्ती, नवीन नाव, नवीन रंग.

मी ते प्रामाणिकपणे तपासलं. राग बाजूला ठेवून बसले, हवं तर विश्वास ठेवू नकोस. दोन धुरपदाबाया घातल्या. नोंदी एकत्र झाल्या नाहीत, सॉफ्टवेअरने थांबून विचारलं. ती जागा तू बुजवलीस. मला बरं वाटलं. अगदी खरं सांगते, बरं वाटलं.

मग मी नेटची वायर काढली आणि एका रुग्णाची माहिती भरून बटण दाबलं. स्क्रीनवर हिरव्या अक्षरांत आलं, 'नोंद जतन झाली.' वायर परत लावून पाहिलं तर नोंद कुठेच नव्हती. पुन्हा केलं, पुन्हा तेच. अस्तित्वातच नसलेला रक्तगट घातला, हिरवं. तारीख उद्याची घातली, हिरवं. आत काही बिघडलं की तुमचं सॉफ्टवेअर ते गिळून टाकतं आणि वर सगळं ठीक असल्याचं सांगतं.

हे कुणा एकाच्या हातून सुटलेलं नाही. तसं ते मुद्दाम लिहिलेलं आहे. मला ते ओळखू आलं, कारण त्याच खोलीत मी काही वर्षं काढली आहेत. जिथे चूक सांगणाऱ्याचा अपमान होतो, तिथली माणसं चूक सांगत नाहीत. आणि ती माणसं जे बनवतात, तेही सांगत नाही.

मी तुमच्या मदतीच्या नंबरवर फोन केला. सारिका नावाच्या मुलीने उचलला. मी तिला सगळं सांगितलं. मागे दुसरा फोन वाजत होता, तिने तोही घेतला, मला थांबवून कुणाला तरी प्रिंटरबद्दल सांगितलं आणि परत आली.

"मॅडम, हे मेलवर लिहू नका ना. मला फोनवरच सांगा. मी करून देते."

मी विचारलं, लिहिलं तर काय होईल?

"माझं नाव जाईल."

कुठे जाईल, ते मी विचारलं नाही.

मी मेल लिहिला नाही. आमच्या डॉक्टरांना तोंडी सांगितलं की हे सॉफ्टवेअर घेऊ नये, आणि का घेऊ नये तेही सांगितलं. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला. हे दुरुस्त होईल का? मी म्हणाले, हे होईल. पुढचं आपल्याला सांगणार कोण?

त्यांनी नकार कळवला आहे. सारिकाचं नाव मी कुठेही घेतलेलं नाही. तुझ्याकडे येणाऱ्या फोनांची नोंद राहते, ती तू उघडशील, हे माझ्या लक्षात यायला दोन दिवस लागले. मदतीच्या नंबरवर पुन्हा फोन केला तेव्हा कळलं, तोवर तू तिला काढलं होतंस. तिचा स्वतःचा नंबर मिळवला, तर तो बंद असतो.

कोकिळा


धुळे, २ एप्रिल २०२५

प्रेमराज,

सुकदेवभाऊंनी हॉस्पिटलवर आणि तुझ्या कंपनीवर ग्राहक आयोगात तक्रार केली. त्यांच्या बाजूने मी प्रतिज्ञापत्र दिलं. फळा, फोन, न मिळालेला वेळ, मला माहीत होतं ते सगळं लिहिलं. तुझ्या वकिलाकडून मला लेखी प्रश्न आले. बहुतेक प्रश्न अपेक्षित होते. एक नव्हता.

'आपला प्रेमराज यांच्याशी विवाह ठरत होता व तो त्यांनी नाकारला, म्हणून आपण आकसाने हे करत आहात काय?'

ही गोष्ट तुझ्यामाझ्याशिवाय जगात कुणालाच माहीत नव्हती. बहिणीलासुद्धा मी सांगितलं नव्हतं. तुझ्या लग्नात मी पंगतीत वाढत होते आणि कुणाला काही कळलं नाही. तू ती वकिलाच्या टेबलावर ठेवलीस. मी उत्तर लिहिलं, 'होय, त्यांनी नाकारला होता. त्यानंतर मी त्यांच्यासोबत आठ वर्षं काम केलं.' बहिणीने ते टाइप करून आणताना वाचलं. दोन दिवस ती माझ्याशी नेहमीपेक्षा हळू आवाजात बोलत होती.

पण हे पत्र त्यासाठी नाही.

मागच्या तारखेला तुझ्या बाजूने आणखी एक प्रतिज्ञापत्र दाखल झालं. संघपालचं. त्यात लिहिलंय, कंपनीने स्पष्ट सूचना दिल्या होत्या, पुरेसा वेळ दिला होता, कामाचा ताण नव्हता, जे झालं ते माझ्या वैयक्तिक दुर्लक्षामुळे झालं. खाली त्याची सही. सुकदेवभाऊ माझ्याकडे बघत होते.

संध्याकाळी मी त्याला फोन केला. तो पुण्यात होता. नवी नोकरी लागली होती. तिथे आधीच्या कंपनीचा अनुभवाचा दाखला मागितला, आणि तू तो महिनोन् महिने अडवून धरला होतास. या सहीच्या बदल्यात दिलास. मी रागावले. त्याने शांतपणे ऐकलं.

"ताई, आई शेजाऱ्यांशी किती दिवस खोटं बोलेल? आणि चूक माझ्याच हातून झाली होती ना. तेवढं तर खरं आहे."

मी म्हणाले, बाकीचं खोटं आहे. तो म्हणाला, बाकीचं सिद्ध कोण करणार?

निकाल अजून लागायचा आहे. वकील म्हणतात, त्या सहीनंतर तुझ्या कंपनीचं फारसं काही होणार नाही. हॉस्पिटल काहीतरी देईल आणि विषय संपेल. धुरपदाबाईंना आता दोन-तीन शब्द म्हणता येतात असं सून सांगत होती. ते कुठले हे मी विचारलं नाही.

तू वाचलास, प्रेमराज. तुझ्या कंपनीत यापुढेही मुलं येतील, जळगावातली, भुसावळची, फैजपूरची, घरातली पहिलीच शिकलेली, पुण्याला जायची ऐपत नसलेली. त्यांना तू फोन देशील आणि कामही देशील.

काल संघपालचा पुन्हा फोन आला. नव्या ठिकाणी कसं आहे विचारलं तर चांगलं आहे म्हणाला. माणसं चांगली आहेत, फळाबिळा काही नाही, साहेब स्वतः म्हणतात की चूक दिसली तर लगेच बोला, कुणी रागावणार नाही. मग त्यानेच सांगितलं. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या मुलाने लिहिलेल्या कामात त्याला एक चूक दिसली होती. मोठी होती, त्याला ती नजर टाकताच कळली.

मी विचारलं, मग सांगितलंस का?

"नाही ताई."

कोकिळा